गोचीड कुत्र्याची कीं घराची?

राम गणेश गडकऱ्यांनीं १९१९ सालच्या जानेवारींत ज्या गांवीं देह ठेवला, त्या सावनेरचें नांव पाकिटावर दिसतांच मराठी वाचकाचा हात क्षणभर थबकतो. गेल्या महिन्यांत सावनेरहून आलेल्या एका पत्रानें आमचेंहि तसेंच झालें. परंतु पत्रांत वाङ्मयाचा विषय नव्हता. विषय होता घरच्या कुत्र्याचा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींचें घर चौदा माणसांचें आहे. आजेसासूबाईंपासून दीड वर्षाच्या पुतण्यापर्यंत चार पिढ्या एका वाड्यांत नांदतात. ओसरीवर मोत्या नांवाचा कुत्रा सहा वर्षें राखण करीत आहे. यंदा पावसाळा लागल्यापासून त्याच्या अंगावर गोचिडी दिसूं लागल्या. प्रथम कोणीं विशेष मनावर घेतलें नाहीं; कुत्रा आहे, गोचिडी असावयाच्याच, असें सर्वांनीं धरून चाललें. भाद्रपदांत त्या ओसरीच्या भिंतीवर चढतांना आढळल्या, आणि एके दिवशीं त्या दीड वर्षाच्या मुलाच्या कानामागें एक चिकटलेली सांपडली. त्या रात्रीं वडील मंडळींनीं ठरविलें कीं, येत्या रविवारीं मोत्याला गाडींत घालून कोलार नदीपलीकडे सोडून यावें. मुलें त्या रात्रीं जेवलीं नाहींत. मोत्या तर दोन दिवसांपासून जेवला नव्हता. पण तो रुसला असेल, इतकाच त्याचा अर्थ लावण्यांत आला होता.

आम्हीं त्याच दिवशीं दूरध्वनीवरून त्या भगिनींस दोन गोष्टी कळविल्या. कुत्र्याला आजच जनावरांच्या डॉक्टरांस दाखवा, आणि रविवारचा बेत पुढें ढकला. वडील मंडळींनीं आतां दिवाळीपर्यंत मुदत दिली असून आमच्याकडून कारणें मागविलीं आहेत. तीं मागण्याचा त्यांना अधिकार आहे. तान्ह्या मुलाच्या कानामागें गोचीड सांपडल्यावर कोणाहि आजीचें काळीज चरकेल. म्हणून आजचा लेख आम्ही जितका त्या भगिनींसाठीं, तितकाच त्यांच्या आजेसासूबाईंसाठीं लिहीत आहों. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या ओसरीवर कुत्रा आहे, त्यांनाहि तो उपयोगीं पडेल.

सर्वसाधारण समजूत अशी कीं, गोचीड ही कुत्र्याच्या अंगची घाण आहे. कुत्र्याला आंघोळ घातली म्हणजे ती कमी होते आणि कुत्रा घालविला म्हणजे ती जाते. ही समजूत कितपत खरी आहे हें कळण्यासाठीं गोचिडीचें चरित्र थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

गोचीड कोळी आणि विंचू यांच्या कुळांतली आहे. आपल्याकडे कुत्र्यावर जी तांबूस-तपकिरी गोचीड आढळते, तिचें शास्त्रीय नांव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस असें आहे. गोठ्यांत गाईबैलांच्या कांसेला व मानेला जी टपोरी करडी गोचीड दिसते, ती बहुधा निराळ्या जातीची असते. गाईची ती गोचीड एकदां गाईवर चढली म्हणजे बाल्य, कौमार्य आणि यौवन तिथेंच काढते व अंडीं घालण्यापुरतीच खालीं उतरते. कुत्र्याच्या गोचिडीचें तसें नाहीं. ती जन्मांत तीन वेळां कुत्र्यावर चढते आणि तीन वेळां खालीं उतरते.

अंड्यांतून बाहेर पडलेलें पिलूं खसखशीच्या दाण्याहूनहि लहान असतें आणि त्याला सहाच पाय असतात. तें कुत्र्यावर चढून कांहीं दिवस रक्त पितें, गळून पडतें, आणि भिंतीच्या भेगेंत जाऊन कात टाकतें. आतां त्याला आठ पाय येतात. तें पुन्हां चढतें, पुन्हां पितें, पुन्हां गळतें व भेगेंत जाऊन दुसऱ्यांदा कात टाकतें. मग तिसऱ्या खेपेला चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. मादी सुमारें आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगते. एरंडाच्या झाडाचें लॅटिन नांव ‘रिसिनस’, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच गोचीड. बीचें आणि किड्याचें हें साम्य रोमन लोकांच्याहि नजरेस आलें होतें. फुगलेली मादी खालीं पडते, एकादी सुरक्षित फट शोधते, तीन-चार हजारांपर्यंत अंडीं घालते आणि मरते. हवा उष्ण असली म्हणजे हा सगळा फेरा दोन-तीन महिन्यांत पुरा होतो.

हे आंकडे जरा मांडून पाहावे. एका मादीनें चार हजार अंडीं घातलीं आणि शंभरांत एकच पिलूं मोठें झालें, असें समजूं. तरी चाळीस गोचिडी झाल्या. त्यांतल्या निम्म्या माद्या धरल्या तर वीस. आणि त्या विसांचीं अंडीं ऐशीं हजार! एका मादीपासून दुसऱ्या पिढींत ही मजल. कुत्र्याच्या अंगावर आज ज्या दहा-वीस गोचिडी दिसतात, त्या पंक्तीला बसलेल्या तेवढ्या होत. पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या बाकीच्या सर्व भिंतींत, फरशीच्या सांध्यांत, दाराच्या चौकटीमागें आणि जिन्याखालीं असतात. या जातीला खालून वर चढण्याची उपजत ओढ आहे. त्यामुळें भिंतीवरील तसबिरींच्या मागें आणि आढ्याजवळहि ती सांपडते.

नागपूर जिल्ह्यांत वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हांत गोचिडी मरत नाहींत काय, असा प्रश्न कोणी करील. उघड्या माळावर पुष्कळशा मरतातहि. परंतु ही जात मुळांतच घरांत राहणारी आहे. ती कोरडेपणा सोसते, आणि वाड्याची जाड भिंत तिला उन्हापासून तसेंच वांचविते जसें आपल्याला. शिवाय ती उपाशी राहूं शकते. पूर्ण वाढलेली गोचीड अन्नावांचून कित्येक महिने, प्रसंगीं वर्षभराहूनहि अधिक काळ, जिवंत राहते. पावसाळ्यांत तिची वाढ जोरांत होते, एवढाच ऋतूंचा फरक.

आतां कोलार नदीपलीकडल्या बेताचा विचार करूं. मोत्याला नेऊन सोडलें तर त्याच्याबरोबर त्याच्या अंगावरच्या गोचिडी जातील हें खरें. परंतु भिंतींतल्या शेंकडों गोचिडी वाड्यांतच राहतील. त्या मोत्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या असतील, आणि मोत्या यावयाचा नाहीं. ही जात होईल तोंवर कुत्र्यालाच धरते, माणसाला सहसा धरीत नाहीं. पण भिंतींत त्यांची दाटी झाली, किंवा कुत्रा नाहींसा झाला, म्हणजे ती जवळच्या माणसाकडे वळते. ओसरीवर दुपारचीं निजणारीं माणसें कोण, तर घरांतलीं म्हातारीं आणि लहान मुलें. म्हणजे ज्या बाळासाठीं कुत्रा घालवावयाचा, त्या बाळाचा धोका त्यामुळें वाढण्याचाच संभव अधिक. शिवाय पाळलेलें जनावर असें टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे, हेंहि सांगून ठेवणें आमचें कर्तव्य आहे.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणीं सरमेचा पोर सहज आला असतां जनमेजयाच्या भावांनीं त्याला मारून हांकून दिलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें कीं त्याला तोंड लावलें नव्हतें. सरमेनें येऊन विचारलें कीं, माझ्या मुलानें कांहींच अपराध केला नसतां तुम्हीं त्याला कां मारलें? त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें. मोत्याच्या बाबतींत उत्तर शोधूं लागल्यास आपलीहि स्थिति तीच होईल. गोचीड भिंतीच्या भेगेंत वाढली, भेग आम्हीं बुजविली नाहीं, आणि तिचें रक्ताचें देणें मात्र मोत्यानें चार महिने भरलें.

तें देणें किती भारी असतें याची अनेकांस कल्पना नसते. गोचीड रोग वाहून नेते, हें प्रथम अमेरिकेंत सिद्ध झालें. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनीं १८९३ सालीं दाखविलें कीं, टेक्सासकडील गुरांचा घातक ताप गोचिडींमुळें पसरतो. रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचें बीज पाहिलें, त्याच्या चार वर्षें आधींची ही गोष्ट. कुत्र्यांच्या रोगांच्या इतिहासांत तर आपल्या देशाचें नांव दोनदां येतें. १९०५ सालीं जेम्स यांनीं येथील कुत्र्यांच्या रक्तांत हेपॅटोझून नांवाचा जंतु वर्णिला. कुत्रा आपलें अंग चावतांना गोचीड गिळतो, त्यांतून हा शरीरांत शिरतो. १९१० सालीं पॅटन यांनीं मद्रासेकडील शिकारी कुत्र्यांत बबेशिया गिब्सोनी हा जंतु शोधिला. तो तांबड्या रक्तपेशींत शिरून त्या फोडतो. तिसरा रोग एर्लिकियाचा. तो अल्जीरियांत १९३५ सालीं ओळखला गेला, पण आज तो आपल्याकडील कुत्र्यांतहि सर्रास आढळतो.

या रोगांचीं लक्षणें घरच्या माणसांस ओळखतां येण्याजोगीं आहेत. कुत्रा अन्न सोडतो, कोपऱ्यांत पडून राहतो, अंगांत ताप असतो. ओंठ वर उचलून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी असाव्या, पांढुरक्या किंवा पिंवळट दिसल्यास रक्त कमी झालें आहे असें समजावें. लघवी कॉफीसारखी गडद होणें, नाकांतून रक्त येणें, पोटाच्या कातडीवर तांबडे-जांभळे ठिपके उठणें, हीं चिन्हें दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये. डॉक्टर रक्ताचा थेंब कांचेवर पसरून किंवा अन्य तपासणी करून रोग ठरवितात. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हें औषध सुमारें चार आठवडे द्यावें लागतें. बबेशियावरील औषधें वेगळीं असतात. चार दिवसांनीं कुत्रा उठून शेंपूट हालवूं लागला म्हणून औषध मध्येंच थांबविणें ही फार मोठी चूक होय. तसेंच माणसांच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला केव्हांहि देऊं नयेत. त्यांतल्या कांहीं त्याच्या पोटाला, यकृताला व मूत्रपिंडाला विषासारख्या होतात. तालुक्याच्या गांवीं जनावरांचे डॉक्टर मिळतात. आणि दुखणें अधिक असल्यास १९५८ सालीं स्थापन झालेलें नागपूरचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सावनेरपासून तास-दीड तासाच्या वाटेवर आहे. न जेवणारा कुत्रा रुसलेला नसतो, एवढें ध्यानांत ठेवावें.

आजेसासूबाईंची खरी चिंता बाळाची. तिच्याविषयीं स्पष्ट लिहितों. कुत्र्याच्या गोचिडीपासून माणसाला क्वचित् एक ताप होतो. त्याला भारतीय गोचीड-ताप म्हणतात. त्यांत डोकें दुखतें आणि अंगावर, पुष्कळदां तळहातांवर व तळपायांवरहि, पुरळ उठतें. वेळेवर ओळखला तर तो औषधानें बरा होतो. म्हणून मुलाला गोचीड चिकटलेली सांपडली असेल तर पुढें दोन आठवडे लक्ष ठेवावें, आणि ताप आल्यास गोचिडीची गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. ती न सांगितल्यामुळें निदानास उशीर होतो.

वर्तमानपत्रांतून गोचिडींच्या ज्या मोठ्या रोगांविषयीं वाचावयास मिळतें, त्यांचा दोष मात्र घरच्या कुत्र्यावर लादूं नये. कर्नाटकांतील क्यासनूरच्या रानांत १९५७ सालीं जो माकडताप प्रथम ओळखला गेला आणि २०१६ सालीं आपल्या सिंधुदुर्गांत दोडामार्ग तालुक्यांत ज्यानें कहर केला, तो रानांतल्या वेगळ्या जातीच्या गोचिडींमुळें होतो, आणि त्याची पूर्वसूचना मेलेल्या माकडांवरून मिळते. २०१८ सालीं नागपूर भागांत स्क्रब टायफस नांवाच्या तापानें पुष्कळ माणसें आजारी पडलीं. तो तर गोचिडीचा नव्हेच, गवताझुडपांतल्या अतिसूक्ष्म चिगर किड्यांचा ताप. त्यांपैकीं कशालाहि मोत्या कारण नाहीं.

आतां उपाय. ते तीन ठिकाणीं करावयाचे: कुत्र्याच्या अंगावर, कुत्र्याच्या पोटांतून, आणि घराच्या भिंतींवर. तिन्ही एकदम केले तरच यश येतें.

पहिला उपाय हातांनीं वेंचण्याचा. रोज सायंकाळीं दिवेलागणीच्या आधीं, उजेड असतांना, कुत्र्याला जवळ घेऊन कानांच्या आंत-बाहेर, पापण्यांजवळ, गळपट्ट्याखालीं, कांखेंत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखालीं बोटें फिरवावीं. गोचीड सांपडली म्हणजे बारीक टोंकाच्या चिमट्यानें तिला कातडीच्या अगदीं लगत धरून सावकाश सरळ वर ओढावी; पिरगळूं नये. नखानें चिरडूं नये, कारण तिच्या पोटांतलें रक्त आपल्या हाताला लागतें. स्पिरिटाच्या बाटलींत टाकून झांकण लावावें, व हात साबणानें धुवावे. रॉकेल ओतणें, उदबत्तीचा चटका देणें, तेलानें तिला गुदमरविणें, हे जुने प्रकार सोडून द्यावे. त्यांनीं गोचीड लवकर सुटत नाहीं. उलट कुत्र्याची कातडी भाजते, आणि डिंवचलेली गोचीड आपली लाळ जखमेंत अधिकच सोडण्याचा संभव असतो.

दुसरा उपाय औषधाचा. मानेवर सोडावयाचे थेंब, औषधी गळपट्टे आणि पोटांत द्यावयाच्या गोळ्या असे तीन प्रकार हल्लीं मिळतात. अ‍ॅफॉक्सोलॅनरची गोळी महिन्याला एक आणि फ्लुरॅलॅनरची सुमारें बारा आठवड्यांनीं एक अशी द्यावयाची असते. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते. ज्याला पूर्वीं आंकडी आली असेल त्याच्या बाबतींत ती गोष्ट डॉक्टरांस अगोदर सांगावी. या औषधांचा एक गुण आमच्या मतें या सर्व प्रकरणाचा निकाल लावणारा आहे. गोळी घेतलेल्या कुत्र्यावर जी गोचीड चढते व चावते, ती मरते. भिंतींतल्या उपाशी गोचिडी एकामागून एक त्याच्यावर येतात आणि तिथेंच संपतात; पुढचीं चार हजार अंडीं घातलींच जात नाहींत. म्हणजे औषध दिलेला कुत्रा हाच घर निर्मळ करण्याचें सर्वांत चांगलें साधन होय. त्याला घालविणें म्हणजे विहिरींत पडलेलें काढावयाचें असतां हातांतला गळच फेंकून देणें होय.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. सावनेर, काटोल, नरखेड हा संत्र्यांचा आणि कपाशीचा मुलूख. पुष्कळांच्या घरीं फवारणीचीं औषधें ठेवलेलीं असतात. त्यांतलें थोडें पाण्यांत मिसळून कुत्र्याला आंघोळ घालण्याची कल्पना कोणाच्या डोक्यांत आल्यास त्याला तत्काळ आवरावें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत अशाच फवारणीच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. धडधाकट माणसाची जी गत झाली, ती आपलें अंग चाटणाऱ्या कुत्र्याची आणि त्याला कवटाळणाऱ्या मुलांची झाल्यावांचून कशी राहील? गोठ्यांतल्या गुरांसाठीं आणलेलें आयव्हरमेक्टिनचें इंजेक्शन अंदाजानें कुत्र्याला टोंचणें हेंहि तसेंच घातक. कोली वगैरे कांहीं जातींच्या कुत्र्यांत तें मेंदूला बाधतें. घरांत मांजर असल्यास परमेथ्रिन असलेलें कुत्र्याचें औषध तिच्या जवळपासहि येऊं देऊं नये; त्यानें मांजर मरतें. कडुलिंबाचें व करंजाचें तेल लाविल्यानें गोचिडी थोड्या दूर राहत असतील, पण भिंतींतला वंश त्यानें बुडत नाहीं. त्याच्यावर विसंबून राहूं नये.

तिसरा उपाय घराचा, आणि संयुक्त कुटुंबांत तोच सर्वांत मागें राहतो, कारण तो कोणा एकाचा नसतो. कुत्र्याचें अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यांत धुवावें. ओसरीचा कानाकोपरा रोज झाडावा आणि केर बाहेर ढिगावर न टाकतां जाळावा अगर पिशवींत बांधून द्यावा. भिंतीच्या भेगा, चौकटीच्या फटी, फरशीचे उकललेले सांधे चुन्यानें किंवा सिमेंटानें बुजवावे. अंगणांतलें गवत कापून ठेवावें. भिंतींवर औषध मारावयाचें असल्यास तें माहीतगार माणसाकडून, मुलांना व कुत्र्याला दूर ठेवून, स्वयंपाकघर व देवघर वगळून मारवावें. आणि हा क्रम निदान तीन महिने चालूं ठेवावा. पंधरा दिवसांत गोचिडी दिसेनाशा झाल्या म्हणजे सर्वजण थांबतात. परंतु अंडीं व कात टाकणारीं पिलें अजून भेगांत असतात, आणि महिन्याभरानें पुन्हां पहिले दिवस येतात.

हीं कामें कोणीं करावयाचीं? आमच्या अनुभवाप्रमाणें अशा घरांत कुत्रा सर्वांचा असतो, आणि कुत्र्याचें काम एकट्या सुनेचें. सावनेरच्या भगिनींनीं पत्रांत तसें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. पण चौदा माणसांच्या घरांतून पत्र लिहिण्याची पाळी त्यांच्यावरच यावी, यांत तें आलें. कामें वांटून घ्यावीं. सायंकाळचें वेंचणें मोठ्या मुलांनीं एका वडील माणसाच्या देखरेखीखालीं करावें; मुलें ज्याच्यासाठीं जेवण सोडतात त्याच्यासाठीं दहा मिनिटें देण्यास तीं आनंदानें तयार होतील. डॉक्टरांकडे नेणें व औषध आणणें एका दिरानें पत्करावें. गोळीची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. भेगा बुजविण्याचें काम मामंजींनीं गवंडी बोलावून करून घ्यावें. अंथरूण धुण्याचा वार ठरवावा व तो आळीपाळीनें व्हावा.

सोंवळ्याओंवळ्याचा प्रश्न कोणी काढील, तर त्याचें उत्तर सोपें आहे. कुत्र्यानें स्वयंपाकघरांत यावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची जागा ओसरीवर आहे आणि ती त्याला मान्य आहे. परंतु वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठीं अन्नाचा भाग बाहेर काढून ठेवण्याची विधि आपल्याच पूर्वजांनीं घालून दिली. ज्याचा भाग गृहस्थाच्या अन्नांत धरला, त्याचें दुखणेंखुपणें गृहस्थाच्या हिशेबाबाहेर कसें ठेवतां येईल?

दिवाळी तोंडावर आली आहे. आतां घरोघर भिंती झाडल्या जातील, तसबिरी उतरतील, चुन्याचे व रंगाचे डबे येतील. मोत्याची मुदतहि त्याच सुमारास संपावयाची आहे. तेव्हां आमची वडील मंडळींना विनंति एवढीच कीं, यंदा रंगाचा हात देण्यापूर्वीं भिंतींच्या भेगांत सुरी फिरवावी, आंतला केर जाळावा, भेगा भरून घ्याव्या आणि मगच रंग द्यावा. ओसरीच्या भिंतीपासून आरंभ करावा. त्या कामाला एक दिवस पुरतो, आणि गवंडी त्या सुमारास घरांत यावयाचाच असतो.